पाटी तशीच राहील

माझ्या हातांनी झालेल्या वस्तू आधी लिहितो. बाकीचे लोक मृत्युपत्राच्या पहिल्या ओळीत आपण पूर्ण शुद्धीवर असल्याचे सांगतात. माणूस शुद्धीवर आहे की नाही हे त्याच्या सांगण्यावरून नव्हे, कामावरून कळते, असे माझे मत आहे.

बारा लोखंडी खाटा, सव्वा इंची पाइपच्या. एकाही खाटेला टोकदार कोपरा नाही, कारण झोपलेल्याला झटका आला तर डोके कोपऱ्यावर आपटू नये. त्या खाटांचे कठडे, एका हाताने खाली करता येणारे, कारण नर्सचा दुसरा हात रोग्याच्या अंगावर असतो. खिडक्यांचे गज, सगळे उभे, मध्ये आडवा एकही नाही. कोणी वेष्टी, म्हणजे धोतर, बांधून फासाची गाठ मारली तर ती घसरून खाली यावी. न्हाणीघराची दारे, आतून कडी नसलेली. सलाइन टांगायचे स्टँड, जुन्या सायकलींच्या पुढच्या फोर्कचे. कुंभकोणमजवळच्या एका भातगिरणीचे फाटक, जे अजून बोटाने ढकलले तरी उघडते. तिरुवैयारूकडच्या एका कालव्याची झडप. आणि ही अक्षरे. मी नववीपर्यंत तमिळ शाळेत शिकलो. देवनागरी मला कोणी शिकवली नाही. मोठ्या देवळाच्या भिंतीवर आपल्या लोकांनी कोरून ठेवलेल्या मराठी मजकुरावर बोट फिरवत मी ती शिकलो. वेल्डिंगही असेच शिकलो, दुसऱ्याचे बघून आणि डोळे सुजवून घेऊन.

तर मी, सेतुराम, कै. तुळजाराव यांचा मधला मुलगा, वय छप्पन्न, धंदा लोखंडकाम, अविवाहित, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात तिरुचीला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. मला त्याची गरज नव्हती. मी वेडा होतो असे कोर्टात जाऊन म्हणणाऱ्याला ती पडेल.

हाच मजकूर वकील वर्षा यांनी तमिळमध्ये टंकित केला आहे आणि नोंदणी त्याची होईल. ही मराठी प्रत घरात मोठ्याने वाचण्यासाठी आहे. आमच्या घरातल्या मुलांना मराठी समजते, वाचता येत नाही. तेव्हा जो वाचेल त्याने मधली वाक्ये गिळू नयेत.

लिहिण्याचे कारण एकच आहे. मला बायको नाही, मूल नाही, आईवडील गेले. मी काही न लिहिता गेलो तर कायद्याने माझे सगळे माझे थोरले भाऊ वेंकटराव, म्हणजे अण्णा, यांच्याकडे जाते. त्या सगळ्यात एक घर आहे. त्यात दारू सोडवण्याचे उपचारगृह चालते. घराच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी आहे, तिच्यावर आमच्या धाकट्या भावाचे, साईरामचे, नाव आहे आणि तो कशाने गेला तेही आहे. घर अण्णांच्या हाती गेले तर पहिल्या दिवशी पाटी उतरेल आणि पहिल्या महिन्यात खाटा. तसे होऊ नये म्हणून हा कागद.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी अण्णांच्या नावे सोडला, त्याची नोंद आहे. त्याबद्दल मला कोणी दानशूर म्हणू नये. त्या घराच्या कुडात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, मला पुन्हा पाय ठेवायचा नव्हता. कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम २. उपचारगृहाचे घर मी स्वतःच्या कमाईतून विकत घेतले आहे. पडलेले होते, वटवाघळे होती. ते मी साईराम स्मृती विश्वस्त मंडळाला देतो. विश्वस्त दोन: चंद्रमती सिस्टर, ज्या हे उपचारगृह चालवतात, आणि साईरामची बायको भुवना, जी तिथला स्वयंपाक आणि कोठार बघते. घराचा उपयोग दारू आणि इतर नशा यांवरच्या उपचारांसाठीच व्हावा. लग्नाचा हॉल, लॉज, कॉम्प्युटर क्लास, भजनमंडळ, काहीही दुसरे नको. मंडळ मोडलेच तर घर याच कामासाठी सरकारी इस्पितळाला जावे. पाटी आहे तिथेच, आहे तशीच राहील. ही अट घराइतकीच मोठी समजावी.

कलम ३. पाटी का, ते लिहिणे भाग आहे, कारण गल्लीत दुसरीच गोष्ट चालते.

साईराम शेतातल्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करायचा. मोपेडवर तार आणि पाने बांधून गावोगाव जायचा. मोटर फिरली, पाटाला पाणी आले की शेतकरी खूश. मजुरी हातात आणि वर एक क्वार्टर, प्रेमाने. नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते. आधी त्यांच्या खुशीसाठी, मग सवयीने, मग सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणून. केसाएवढी तार गुंडाळणारा हात होता तो.

आमच्या गल्लीत दारूवर एकच औषध मान्य आहे, ते म्हणजे माळ. कार्तिकात अय्यप्पाची माळ घालायची, काळी वेष्टी, पहाटे गार पाण्याची आंघोळ, मंडळभर, म्हणजे एकेचाळीस दिवस, व्रत. माळ गळ्यात असेपर्यंत घोट नाही. माळ घातलेल्या माणसाला नावाने हाकही मारायची नाही. आई असो की बायको, त्याला "सामी" म्हणायचे. व्रतावर माझी तक्रार नाही. मीही शबरीमलैला जाऊन आलो आहे. पण जो माणूस कित्येक वर्षे सकाळसंध्याकाळ पितो, त्याची एका पहाटे एकदम बंद केली तर शरीर उलटते. झटके येतात, नाही ते दिसते, जीव जातो. डॉक्टरला हे ठाऊक असते. पण डॉक्टरला विचारायचे म्हणजे आपल्या घरात पिणारा आहे हे तोंडाने म्हणायचे. अण्णांना ते म्हणायचे नव्हते. त्यांनी यात्रा नेणाऱ्या गुरुस्वामींना बोलावले आणि साईरामला माळ घातली.

तिसऱ्या दिवशी मी कुंभकोणमला भातगिरणीच्या त्या फाटकाच्या बिजागऱ्या बसवत होतो. भुवनाचा फोन आला. म्हणाली, "भावोजी, यांना कसंतरी होतंय, आणि सगळे नमस्कार करतायत."

मी पोचलो तेव्हा दुपार होती. साईराम कुडात भिंतीला टेकून बसला होता. घामाने निथळत होता, दोन्ही हात थरथरत होते. अंगावर नसलेल्या मुंग्या झटकत होता आणि तिथे नसलेल्या कोणाशी बोलत होता. पुढ्यात कापूर पेटवलेला. गल्लीतल्या बायका पदर पसरून बसलेल्या. कनकलता वैनी, अण्णांची बायको, त्याच्या पायांवर हळदीचे पाणी ओतत होती. एकीने विचारले, सामी, माझ्या मुलीचे लग्न कधी जमेल. साईराम म्हणाला, मोटर बंद करा, मोटर बंद करा. त्या बाईने त्याचाही अर्थ लावला.

मी अण्णांना म्हणालो, "हे अंगात आलेलं नाही. हा आजारी आहे. ऑटो बोलावतो, मेडिकल कॉलेजला नेऊ."

अण्णा हात जोडून उभे होते. ते तसेच ठेवून म्हणाले, "आधी चपला काढून ये. माळ घातलेल्या सामीला दारुड्यांच्या वॉर्डात निजवायचं?"

"सामी राहू दे इथे. मी साईरामला नेतो."

"हळू बोल. गल्लीत कुणाला माहीत आहे तो पितो म्हणून?"

सगळ्यांना माहीत होते. पदर पसरून बसलेल्या प्रत्येक बाईने त्याला कधी ना कधी आपल्या पायरीवरून उठवले होते. पण त्या दुपारी तो देव होता, आणि देवाला ऑटोत घालून नेता येत नाही. मी धरायला गेलो तेव्हा दोघांनी माझे दंड पकडले. मग झटके सुरू झाले. पहिल्या झटक्याला कोणीतरी शंख वाजवला. दुसऱ्या झटक्याला त्याचे डोके उंबऱ्यावर आपटले, तेव्हा माझे हात सुटले. मी आणि भुवनाने त्याला उचलून नेले. इस्पितळाच्या दारात तो गेला. तिथे ड्यूटीवर चंद्रमती सिस्टर होत्या. त्यांची आणि माझी ती पहिली भेट. त्यांनी एवढेच विचारले की कधीपासून बंद केली. मी सांगितले. त्यांनी त्याच्या गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बंद करायची नसते, उतरवायची असते. गोळ्या देऊन, सलाइन लावून, शेजारी बसून. काल आणलं असतंत तर चालत घरी गेला असता."

तेराव्यापर्यंत गल्लीतली गोष्ट तयार झाली होती: साईराम व्रतात गेला, देवाने त्याला अंगात असतानाच नेले. अण्णांनी कुडात कोनाडा केला, फोटो लावला, दिवा ठेवला. दर कार्तिकात तिथे अन्नदान होते. मुलांचा निकाल लागायच्या आधी लोक त्या फोटोला हात जोडून जातात. माझा भाऊ नवसाला पावतो असे ऐकून आहे.

म्हणून मी पाटी केली. लोखंडी पत्रा घेतला आणि अक्षरे त्यावर रंगवली नाहीत, आरपार कापली, म्हणजे कोणाला रंग मारून बुजवता येऊ नयेत. वर तमिळ, खाली मराठी. मजकूर असा: "साईराम, वय चौतीस. दारू एकाएकी बंद केली, डॉक्टरला दाखवले नाही, म्हणून गेला. तुमच्या माणसाला आत आणा."

कलम ४. उपचारगृहाचे नियम चंद्रमती सिस्टरनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घातले, परवानाही त्यांच्याच खटपटीने मिळाला. ते नियम बदलू नयेत. पहिले काही दिवस रोग्याशेजारी माणूस बसलेच पाहिजे. हात बांधायचे नाहीत. मारायचे नाही. काही ठिकाणी मारतात आणि त्यालाच उपचार म्हणतात. तसल्या माणसाला फाटकाच्या आत घेऊ नये. अंग स्थिरावले की मग बोलायचे, त्याच्याशी आणि त्याच्या बायकोशी, आईशी, वेगवेगळे. घरी गेल्यावरही महिनोन्महिने विचारपूस करायची. आणि जो सोडून पुन्हा पिऊन आला त्याला, तिसऱ्यांदा आला तरी, दार बंद करायचे नाही. अण्णा एकदा लोकांदेखत म्हणाले होते की एवढे करून दहांतले तीन-चारच टिकतात. खरे आहे, सिस्टरही तेच सांगतात. माळ उतरल्यावर दहांतले किती टिकतात हे बघायला अण्णांनी कधी कोणाला नेमले नाही.

कलम ५. उपचारगृह उघडले तेव्हा गल्लीने सह्यांचा अर्ज केला की येथे दारुडे येतील, मुलीबाळींना त्रास होईल, घरांना भाडेकरू मिळणार नाहीत. कोपऱ्यापलीकडच्या सरकारी दारूच्या दुकानासमोर दुपारी बारापासून जी रांग लागते तिच्याविरुद्ध या गल्लीने आजवर कागद काळा केलेला नाही. त्या रांगेत उभा राहतो तो गिऱ्हाईक, आणि रांगेतून बाहेर पडून आमच्याकडे येतो तो दारुडा, असा हिशेब आहे. अर्जावर सही करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ त्याच वर्षी आपल्या जावयाला घेऊन आले. पुढच्या दाराने यायला लाजले, म्हणून मी मागची भिंत फोडून दार बसवले. त्यानंतर त्या दाराने गल्लीतली कोणकोणती घरे आली ते मला ठाऊक आहे आणि ते माझ्याबरोबर जाईल. मागचे दार उघडे ठेवावे. त्याच्या बिजागऱ्यांना मी आवाज ठेवलेला नाही.

कलम ६. या कामाचा समाजाला उपयोग काय, असे अण्णांनी गल्लीतल्या मंडळींच्या सभेत विचारले होते. तेव्हा मी उठून गेलो. उत्तर इथे देतो. तिरुवैयारूकडे सकाळी जी बस जाते ती सुब्रमण्यम चालवतात. काही वर्षांपूर्वी ते स्टिअरिंगला बसण्याआधी क्वार्टर घेत, नाहीतर गिअर हातात राहत नसे. आमच्याकडे ते दोनदा आले, दुसऱ्या वेळी टिकले. हे इथे लिहायला त्यांनीच सांगितले. त्या बसमध्ये शाळेची मुले असतात, फुले घेऊन जाणाऱ्या बायका असतात, वीणा मांडीवर घेऊन बसलेल्या मुली असतात. कालव्याच्या पुलावर बस वळते तेव्हा कोणी डोळे मिटून घेत नाही. शेतावर जाताना अण्णाही त्याच बसने जातात, पुढच्या बाकावर, वारा लागतो म्हणून. अण्णा रोज घरी पोचतात, हा या कामाचा समाजाला उपयोग.

कलम ७. माझा कारखाना, जागा भाड्याची, आतले सगळे यंत्रसामान माझे: लेथ, दोन वेल्डिंग सेट, ड्रिल, बाक, हातोडे. हे सर्व साईरामची मुलगी साईप्रिया हिला. बाप गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. आज ती मेकॅनिकलची पदविका घेऊन माझ्याहून सरळ वेल्ड मारते. हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही, वाचणाऱ्याने सांगावे. मुलीच्या जातीला हे काम शोभत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपली फाटके दुसरीकडून करून घ्यावीत.

कलम ८. बँकेतल्या ठेवी मंडळाला. व्याज औषधांवर खर्च व्हावे, मूळ रकमेला हात लावू नये. माझी मोपेड भुवनाला, म्हणजे भाजी आणायला तिला कोणाची वाट बघावी लागणार नाही.

कलम ९. माझे थोरले भाऊ वेंकटराव यांना मी पैसा, भांडे, सामान काहीही देत नाही. एक गोष्ट मात्र देतो. खिडकीजवळची खाट त्यांच्या घरातल्या माणसासाठी कायम राखून ठेवावी, विनामूल्य. त्यांचा मुलगा कार्तिकेय चेन्नईला असतो. गेल्या पोंगलला तो आला तेव्हा स्कूटर घेऊन आमच्या मागच्या दाराशी बराच वेळ उभा होता, आणि सिस्टर बाहेर येताच निघून गेला. त्याचे हात मी दिवाळीत पाहिले आहेत. असे हात मी आधीही पाहिले आहेत. हे कलम वाचताना कोणाला लाज वाटली तर वाटू द्यावी. गल्लीत कुणाला माहीत आहे, असे या वेळी कोणी म्हणू नये, कारण आता मी सांगितले आहे. कार्तिकेयला माळ घालू नये. त्याला मागच्या दाराने आणावे, पुढच्या दाराने आणावे, पण आणावे.

कलम १०. मी गेल्यावर दहन साधे करावे. माझा फोटो कोणत्याही कोनाड्यात ठेवू नये. मी ऑपरेशनच्या टेबलावर गेलो तर ऑपरेशनच्या टेबलावर गेलो असेच सांगावे.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी चंद्रमती सिस्टर करतील. ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये हे मला माहीत आहे, आणि त्याप्रमाणेच साक्षीदार घेतले आहेत.

वरचे सगळे मी लिहिले, वाचले, दोन ठिकाणी खोडले आणि खोडल्याजागी सही केली. कोणी सांगितले म्हणून लिहिले नाही. लिहू नको असे सांगणारे मात्र बरेच होते.

सही: सेतुराम तुळजाराव
स्थळ: तंजावूर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

आम्हा दोघांसमोर सेतुराम यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. सुब्रमण्यम, बसचालक
२. वर्षा, वकील

पुरवणी, साक्षीदार बसलेले असतानाच लिहिलेली. वकील म्हणतात की अण्णा उद्या कोर्टात सांगतील, पाटीची अट ही माझी लहर होती, समजावले असते तर मी ऐकले असते. म्हणून ही नोंद.

गेल्या महिन्यात अण्णा माझ्या कारखान्यात आले. किती वर्षांनी, ते मी मोजलेले नाही. हातात फळांचे ताट होते. सुब्रमण्यम मोपेडचा स्टँड जोडून घ्यायला आले होते, बाकावर बसले होते. अण्णा म्हणाले, याला बाहेर पाठव. मी म्हणालो, बसू दे, हे रोज तुम्हाला शेतावर नेतात.

कार्तिकेयचे लग्न जमत होते. मुलीकडचे गल्लीत येऊन पाटी वाचून गेले होते. अण्णा म्हणाले, "घर तुझं, खाटा तुझ्या. साईरामचं नावही राहू दे. मधली ओळ तेवढी काढ. नवा पत्रा लाव, खर्च माझा."

मी म्हणालो, तीच ओळ वाचून लोक आत येतात.

अण्णा खाली बसले, लोखंडाच्या किसात, पांढऱ्या वेष्टीसकट. म्हणाले, "आई तो देव होऊन गेला असं मानून गेली. तिला तू कधी सांगितलं नाहीस. मग भिंतीवर का सांगतोस, सेतू?"

मी म्हणालो, "आईला सांगून तिचा मुलगा परत मिळणार नव्हता. भिंत वाचणाऱ्या आईला मिळेल."

मग त्यांनी रक्कम सांगितली. बायपास रस्त्यात गेलेल्या शेताच्या तुकड्याचे पैसे होते, सगळे. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा नाही म्हणालो. सुब्रमण्यम यांनी दोन्ही वेळा ऐकले आहे.

एका ओळीसाठी देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम: रुपये १८,००,०००, अक्षरी अठरा लाख फक्त.